आपली हरकत आपण पुसायची

सगळी माणसं एकदम हो म्हणायला लागली की मला संशय येतो. माझी भाची इथे बेंगळुरात, इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. त्यांच्याकडे म्हणे एक बाई खास पगार देऊन ठेवलीय. सिस्टिमची रचना सगळ्यांनी मिळून कशी ठरवायची, ते ती शिकवते. रंगीत चिठ्ठ्या काचेवर डकवतात, चर्चा करतात आणि ठरलं की टाळ्या वाजवतात. परवा इंदिरानगरला माझ्याकडे जेवायला आली तेव्हा हे सगळं सांगून वर म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

होतं की. आमच्या वेळी तिरुमलराव होते. टाळ्या तेवढ्या नव्हत्या.

आमचा कारखाना कापडगिरण्यांची यंत्रं बनवायचा. यंत्राचा कुठला भाग कुठल्या शेडमध्ये आणि कधी करायचा, ते नियोजन विभाग ठरवायचा, आणि तिरुमलराव त्या विभागाचे प्रमुख होते. पन्नासचं दशक संपता संपता मी गणितात बी.एस्सी. होऊन तिथे लागले. विभागात बाई मी एकटी. मराठी बोलणारी आम्ही दोघंच. तेही आमच्यासारखेच, शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आलेल्या घराण्यातले. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, ऑफिसात इंग्रजी. पुढे उत्पादन विभागात पुण्याहून कुलकर्णी आले, ते आमचं मराठी ऐकून म्हणायचे, तुम्ही बोलता की पोथी वाचता? तिरुमलराव हसायचे. मला राग यायचा. मला राग लवकर येतो, आणि आला की लवकर जात नाही, हे वाचणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावं.

तिरुमलराव दिसायला काही विशेष नव्हते. उंच, वाकलेले, तपकिरी कोट आणि धोतर. साहेबांनी सांगितल्यावर धोतराची पँट झाली, कोट तोच राहिला. त्याच्या उजव्या खिशात तपकिरीची डबी असायची आणि डबीत खडू. कारखान्याचा खडू फळ्यावर कुरकुरतो, माणसं आधीच कुरकुरत असतात, म्हणून ते स्वतःचा मऊ खडू चिकपेटेच्या बाजारातून आणायचे. शिपाई असो की इंजिनिअर, सगळे त्यांचे अण्णा आणि बायका सगळ्या अक्का. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मीसुद्धा अक्काच. एकदा जनरल मॅनेजरांना, म्हणजे उत्तरेकडच्या कडक इस्त्रीच्या माणसाला, भर मीटिंगमध्ये "सरी अण्णा", बरं दादा, असं कन्नडात म्हणाले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कँटीनमध्ये कधी पूर्ण कॉफी घेतली नाही. नेहमी बाय-टू, समोर जो असेल त्याच्याबरोबर अर्धी. आणि कुणी विचारलं, राव, साखर कमी की जास्त, तर म्हणायचे, तुम्हाला कशी हवी? चामराजपेटेतल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, तुंगाक्काने, मला स्वयंपाकघरात बोलावून हेच गाऱ्हाणं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना कुठली भाजी आवडते ते मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, मुलांना विचार. मुलांना विचारलं तर म्हणतात, आईला काय सोपं पडेल? अय्यो, मी काय करू सांग. तेव्हा मी पोट धरून हसले होते.

पण मीटिंग चालवावी ती त्यांनीच. तशी मी पुन्हा पाहिली नाही. इतर विभागांत साहेब बोलायचे, बाकीचे माना डोलवायचे आणि बाहेर आल्यावर साहेबांची आई-बहीण काढायचे. आमच्याकडे भिंतीएवढा फळा होता. प्रश्न काय आहे तो तिरुमलराव वर एका ओळीत लिहायचे आणि मग ज्याची जी हरकत असेल ती त्याने उठून, आपल्या अक्षरात, फळ्यावर लिहायची. सुरुवात सगळ्यांत नवख्या माणसाने करायची, कारण थोरांनी आधी लिहिलं की धाकट्यांची अक्कल बसून जाते. एकदा लिहिलेली हरकत दुसऱ्या कुणीही पुसायची नाही, साहेबांनीसुद्धा नाही. आपली हरकत आपण पुसायची. शंका फिटली किंवा मार्ग निघाला की उठायचं आणि हाताने पुसून टाकायचं. फळा कोरा झाला की निर्णय झाला. कुणाला पटलं का असं ते कधी विचारत नसत. "चालवून घेता येईल?" एवढंच विचारायचे, तेही हळू आवाजात. आणि सगळ्यांत मोठा नियम त्यांचा स्वतःसाठी होता. ज्याच्या हातात खडूची डबी, त्याने मत द्यायचं नाही.

ही पद्धत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. त्यांचे वडील कुठल्याशा शाळेत हेडमास्तर होते. घरात सगळं त्यांच्या एका शब्दावर चालायचं आणि त्या शब्दापायी एका बहिणीचं आयुष्य नासलं, एवढं तुंगाक्काने एकदा सांगितलं होतं. तिरुमलराव त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

कारखान्याच्या बसचा रस्ता बदलायचा होता तेव्हाची गोष्ट. मल्लेश्वरमकडून येणारी बस अलसूरवरून फिरवायची की सरळ आणायची, यावर फळा भरून हरकती. हळूहळू सगळ्या पुसल्या गेल्या, एक उरली. जोसेफ म्हणून एक फिटर होता, त्याने लिहिलं होतं, नव्या रस्त्याने टायर खराब होतील. सगळे त्याच्यावर ओरडायला लागले, टायर काय तुझ्या बापाचे आहेत? तिरुमलराव म्हणाले, आज राहू दे, उद्या बघू. संध्याकाळी ते जोसेफबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेले. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली होती. बस लांबून आली तर तिला औषध द्यायला उशीर झाला असता. दुसऱ्या दिवशी तिरुमलरावांनी त्याची पाळी बदलून घेतली, जोसेफने उठून आपलं टायरचं वाक्य पुसलं आणि बस अलसूरवरून धावायला लागली. मला म्हणाले, "अक्का, फळ्यावर लिहितात ती हरकत वेगळी आणि पोटातली वेगळी. पोटातली बाहेर काढता आली पाहिजे." मी ते वाक्य कितीतरी दिवस मिरवलं होतं.

मग कॉम्प्युटर आला. खोलीभर यंत्र, थंड हवा, चपला बाहेर काढून आत जायचं, जसं काही देवघरच. कार्डांना भोकं पाडून त्याला माहिती भरवायची आणि ती टेपवर साठवायची. आज हसू येईल, पण तेव्हा सगळ्या बेंगळुरात अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. ट्रेनिंगला मलाही पाठवलं होतं. प्रोग्रॅम लिहिणारी मी एकटीच बाई, त्यामुळे लोक खिडकीतून मला बघायला यायचे आणि मग यंत्र बघायचे.

पहिलाच प्रश्न रचनेचा पडला. कारखान्यात यंत्रांचे हजारो सुटे भाग. त्यांची यादी टेपवर ठेवायची ती कशी? स्टोअर्सचे नंजुंडय्या म्हणाले, माल माझ्या ताब्यात, यादी माझी. हिशेब विभागाचे पद्मनाभन म्हणाले, किंमत मी लावतो, माझी यादी वेगळी पाहिजे. कुलकर्णी म्हणाले, यंत्रं आम्ही जोडतो, दुसऱ्याच्या यादीवर आम्ही काम करणार नाही. प्रत्येकाला आपली टेप, आपले प्रोग्रॅम आणि आपला माणूस पाहिजे होता. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. शेवटी तिघांचं एकमत झालं की तिघांच्या तीन याद्या ठेवाव्यात आणि दर आठवड्याला त्यांचा मेळ घालावा. कुणालाच काही सोडायला नको, त्यामुळे तिघंही खूश. तिघांनी आपापल्या हरकती पुसल्या.

फळ्यावर एकच उरली. ती माझी होती. एकाच वस्तूच्या तीन याद्या कशाला? एकीत बदल झाला आणि दुसरीत राहिला तर खरी कोणती?

यात काही मोठी विद्वत्ता नव्हती. चुलत्यांनी वेगळी चूल मांडली तरी विहीर एकच ठेवतात, एवढी साधी गोष्ट. पण ती हरकत फळ्यावर राहिली आणि मीटिंगमागून मीटिंग फुकट गेली. कुलकर्णी माझ्याकडे बघून घड्याळ बघायचे. पद्मनाभन म्हणाले, कॉम्प्युटरला भाडं पडतं, बाईंच्या शंकेला पडत नाही. नंजुंडय्या बिचारे भले माणूस, त्यांनी मला समजावलं, अम्मा, आठवड्याला मेळ घालणारच आहोत ना? मी म्हटलं, मेळ घालायला माणसं कोण देणार?

तेवढ्यात जनरल मॅनेजरांचा निरोप आला. सोमवारपर्यंत ठरवा, नाहीतर मी ठरवतो, आणि ती फळ्याची शाळा त्या दिवसापासून बंद.

शनिवारी तिरुमलराव माझ्या टेबलाशी आले. हातात कॉफीचे दोन अर्धे पेले. माझ्या हरकतीबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ती चूक की बरोबर, तेही नाही. त्यांनी फक्त विचारलं, "अक्का, चालवून घेता येईल?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीप्रमाणेच त्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मला वाटलं, या माणसाने इतक्या लोकांच्या पोटातलं बाहेर काढलं, हा सांगतोय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल. सोमवारी मी उठले आणि सगळ्यांसमोर माझं वाक्य पुसलं. फळा कोरा झाला. कुलकर्ण्यांनी सुस्कारा टाकला. तिरुमलरावांनी डबीचं झाकण लावलं.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. वर्षभरात तीन याद्या तीन दिशांना गेल्या. आठवड्याचा मेळ महिन्यावर गेला आणि महिन्याचा बंदच पडला, कारण त्याला माणसं कुणी दिली नाहीत. कुलकर्ण्यांच्या विभागाने एका बेअरिंगचं माप बदललं आणि आपल्या यादीत नोंदवलं. स्टोअर्सच्या यादीत जुनंच राहिलं. कॉम्प्युटर म्हणायचा बेअरिंगं भरपूर आहेत, आणि होतीही, पण जुन्या मापाची. एका मोठ्या गिरणीची यंत्रं अर्धी जोडून शेडमध्ये उभी राहिली. गिरणीने वाट पाहिली आणि ऑर्डर काढून घेतली. शेडमध्ये रात्रपाळी बंद झाली, हंगामी माणसांना घरी बसवलं. जोसेफचा धाकटा भाऊ त्यातच होता.

चौकशी बसली. एकेकाला आत बोलवायचे. फळा तर कधीच कोरा झालेला. कुणी काय लिहिलं, कुणी कधी पुसलं, याचा मागमूस नाही. नावं लिहून ठेवायची नाहीत हाही तिरुमलरावांचाच नियम, म्हणजे मत बदलताना माणसाची मान खाली जात नाही. कागदावर सही तेवढी त्यांची होती. कुलकर्णी म्हणाले, राव म्हणाले चालवून घ्या, आम्ही घेतलं. पद्मनाभन म्हणाले, अशा मीटिंगमध्ये कोण काय ठरवतं ते कळतच नाही, आमच्यावर दडपण होतं. नंजुंडय्या म्हणाले, आठवत नाही. भले माणूस! मी सांगितलं, माझी हरकत होती, याच गोष्टीला होती, आणि तिन्ही साहेबांनी ती वाचली होती. मग आता कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. पुसली, मी म्हटलं. कोणी? मीच. तेव्हा चौकशी करणारे गृहस्थ एकमेकांकडे बघून हसले. ते हसणं मी विसरणार नाही.

तिरुमलरावांना शेवटी बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते आणि दार अर्धवट उघडं होतं. निर्णय कोणाचा, असं विचारलं. ते म्हणाले, सर्वांचा. मग दोषही सर्वांचा का? एवढं सोपं उत्तर समोर ठेवलं होतं. हो म्हणायचं, की सुटले असते, निदान चौघांत वाटला गेला असता. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "सभा माझी होती."

झालं. कारखान्यामागच्या आवारात लाकडी खोकी ठेवायचे, तिथे त्यांना टाकलं. नोकरीची राहिलेली वर्षं त्यांनी खोकी मोजत काढली. आणि जनरल मॅनेजरांनी काय केलं? एक ओळीचा हुकूम काढला. सुट्या भागांची यादी एकच राहील, ती कोणाच्याही मालकीची नाही, बदल करायचा तर नियोजन विभागामार्फत. एका दुपारीत ठरलं. ना फळा, ना खडू. नंजुंडय्यांनी यादी मुकाट्याने दिली. कुलकर्णी कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. मी उठून दुसऱ्या टेबलावर गेले. दुसरं काय करणार?

मी खोक्यांच्या आवारात गेले. तिरुमलराव एका खोक्यावर बसले होते, अंगात तोच कोट. मी उभ्या उभ्याच विचारलं, "अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"तू लिहिण्याआधीपासून."

मला रडूच आलं, रागाने. मी म्हटलं, मग मला पुसायला का लावलं? ते म्हणाले, त्यांनी स्वतःचं मत सांगितलं असतं तर सगळ्यांनी रावांचं म्हणणं म्हणून माना डोलवल्या असत्या. मग हेडमास्तराच्या घरात आणि इथे फरक काय राहिला? आणि मी अडून बसले असते तर फळाच गेला असता. फळा राहिला तर चूक कधीतरी पुन्हा फळ्यावर आणता येते, असं त्यांना वाटलं होतं. मी म्हटलं, आता फळा राहिला का? खरंच, तो भिंतीवरून काढला होता. तिथे साहेबांचा फोटो लागला होता.

ते म्हणाले, "ती हरकत तुझी नव्हती, अक्का. माझीच होती. मी तुझ्या हाताने पुसली." आणि मग बाय-टू कॉफी सांगू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं. मला ती पूर्णही नको होती.

मी त्यांच्यावर रागावले होते की त्या तिघांवर, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तिघं तर नालायक होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण शहाणा माणूस आपलं शहाणपण डबीत बंद करून ठेवतो आणि त्याला सद्गुण म्हणतो, याचाही मला संताप येतो. सगळ्यांना बोलतं करणाऱ्याने स्वतः मुकं राहायचं, हा कुठला न्याय? तुंगाक्काचं भाजीचं गाऱ्हाणं मला तेव्हा उमगलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ते निवृत्त झाल्यावर एकदाच भेट झाली. आमच्या मराठी मंडळाची सभा होती. मंडळाच्या खोलीत मुलांसाठी रविवारी मराठीचा वर्ग चालायचा. मुलं कमी झाली होती, शिकवणारेही कंटाळले होते, वर्ग बंद करायचा विचार चालला होता. चिटणिसांना तिरुमलरावांची कीर्ती ठाऊक होती. ते म्हणाले, राव, तुमच्या त्या फळ्याच्या पद्धतीने होऊन जाऊ दे. तिरुमलरावांनी खिशातून डबी काढली, चिटणिसांच्या हातात दिली आणि स्वतः जाऊन मागच्या रांगेत बसले.

दोघातिघांनी हरकती लिहिल्या. थोडं बोलणं झालं. मुलांना कन्नड आणि इंग्रजीच झेपत नाही, घरात बोलतोच की आपण, वगैरे. माझ्या बहिणीने एक हरकत लिहिली होती, तिला चिटणिसांनी विचारलं, अक्का, चालवून घेता येईल? अगदी त्याच आवाजात. ती उठली आणि पुसून आली. फळा कोरा झाला. सगळे चहाची वाट बघत उठायला लागले.

तेव्हा तिरुमलराव मागून पुढे आले. सावकाश, खुर्च्यांना धरत. चिटणिसांच्या हातातली डबी उघडली, खडू काढला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, माझी हरकत आहे. इतक्या वर्षांत त्यांचं अक्षर मी वरच्या प्रश्नाच्या ओळीत पाहिलं होतं, खाली कधीच नाही. चिटणिसांनी विचारलं, काय हरकत आहे राव? ते म्हणाले, पुढच्या रविवारी येऊन सांगेन, तोवर पुसू नका. खडू तिथेच ठेवला, वहाणा घातल्या आणि चहा न घेता निघाले.

चिटणीस खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिरुमलराव गेटाबाहेर पडलेले दिसले तशी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि फळा पुसला. वय झालंय, ते म्हणाले. सगळे चहाकडे वळले. मी बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून मला त्या मंडळाचं आमंत्रण येत नाही.

मी धावतच बसस्टॉपवर गेले. ते उभे होते, उजव्या हाताची बोटं पांढरी झालेली. खोटं बोलावं असं मनात आलं होतं, पण त्या माणसाशी मला खोटं बोलवेना.

"अण्णा, पुसलं त्यांनी."

त्यांनी मान हलवली. बस येताना दिसत होती. ते म्हणाले, "स्वल्प वेळ तरी होतं ना?"

"तुम्ही गेटाबाहेर पडेपर्यंत होतं," मी म्हटलं.

"सरी," तिरुमलराव म्हणाले, बोटं कोटाला पुसली आणि बसमध्ये चढले.